साडेचार माणसांचं घर

शकू, मी निघाले त्या सकाळी बॅग बंद होईना म्हणून तू तिच्यावर बसली होतीस. तू बसलीस, मग शेजारच्या लताबाई बसल्या, तरी चेन निम्म्यातच अडकली. आत काय होतं? दोन चादरी, शेंगाचटणीचे चार डबे, कडक भाकरीची चवड आणि ती पितळी वाटी, जी मी काढायची आणि तू परत आत घालायची. शेवटी गाडीवाला दारात येऊन म्हणाला, "मावशी, एक चादर काढा की, तिकडं थंडी वाजली तर विकत मिळती." आपण दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो बिचारा गाडीत जाऊन बसला. सोलापूरच्या माणसाला चादर मागे ठेवायला सांगतो!

वैशाली मला न्यायला आली होती. ती सारखी घड्याळ बघत होती. मी कुलूप लावलं, किल्ली तुझ्या हातात दिली, आणि तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "अक्का, तिथं कुणाला अडचण होऊ नकोस गं." प्रेमानंच म्हणालीस. आपल्याकडे म्हातारी बाई लेकीकडे राहायला निघाली की हेच सांगतात, मीसुद्धा चार जणींना सांगितलंय. पण ते तुझं वाक्य मी पदराला गाठ मारून बांधून नेलं, आणि त्यापायी इथं जे करून बसले ते आजपर्यंत तुला फोनवर सांगितलं नाही. फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग माझं राहून जातं. म्हणून लिहिते आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, बाकी सगळं वाचनालयाच्या पुस्तकांवर उचललेलं, तेव्हा पाल्हाळ लागलं तर सोसून घे. आणि आपल्या गल्लीतल्या ज्या ज्या बायका आता पोरांकडे परदेशात जाऊन राहिल्यात, त्यांनाही फोनवर वाचून दाखव. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

वैशाली इथं आयर्लंडात, स्लायगोच्या मोठ्या हॉस्पिटलात औषधांच्या विभागात आहे, हे तुला माहीत आहे. मंदार, आपले जावई, गॉलवेला मशिनी बनवणाऱ्या कंपनीत, आठवड्यातून तीन दिवस गाडीनं जातात-येतात. घर भाड्याचं. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर तीन खोल्या, मागे हातरुमालाएवढी बाग, आणि खिडकीतून दिसणारा एक डोंगर, वरून सुरीनं कापल्यासारखा सपाट. पहिल्या दिवशी वाटलं, एवढ्या घरात तिघंच? आपल्या चाळीतली सगळी गॅलरी इथं झोपली असती.

हे घर कसं मिळालं ते मंदारनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. इथं भाड्याचं घर मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं. एकेका घरामागे तीस-तीस माणसं रांगेत. त्यांनी सात महिने शोधलं, तेव्हा कुठे नोराबाईंनी त्यांना पसंत केलं. नोराबाई म्हणजे घराची मालकीण. पंचाहत्तरीची बाई, समुद्राकडच्या गावात एकटी राहते, आणि सहा-सात आठवड्यांनी एकदा घर बघायला येते. आपल्या गुलाबांवर तिचा फार जीव.

मंदार म्हणाले, "आई, एक छोटी गोष्ट आहे. लीजवर आमची दोघांची आणि ईराचीच नावं आहेत. दोन मोठे, एक मूल. तुमचे कागद झाले की आम्ही नोराला सांगणारच आहोत. तोपर्यंत ती आली की तुम्ही थोडा वेळ वर बसा, बस्स."

त्यांनी अगदी सहज सांगितलं. तसं बघितलं तर त्यात काही नव्हतंही. पण दोन मोठे, एक मूल, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण असा आकडा मी एका दारावर रंगवलेला बघितला होता, शकू. आपल्याच दारावर.

तू तेव्हा पाळण्यात होतीस, तुला काही आठवायचं कारण नाही. मिलच्या चाळीत प्रत्येक खोलीच्या चौकटीवर पांढऱ्या रंगानं दोन आकडे असायचे. वर खोलीचा नंबर, खाली माणसं. आपला नंबर सतरा, माणसं सहा. अण्णा, आई, आजोबा, मी, दत्ता आणि तू. सहाच्या वर माणूस दिसलं तर खोली काढून घेणार, असा कायदा. आणि आपण होतो सात. गोदाआत्या विधवा होऊन आली ती आपल्याकडेच राहिली. सख्खा भाऊ असताना जाणार कुठं?

महिन्यातून एकदा मिलचा कारकून वही घेऊन मोजायला यायचा. तो कोपऱ्यावर दिसला की गॅलरीतल्या बायका भांडी वाजवायच्या, म्हणजे प्रत्येक खोलीला कळायचं. आपल्या खोलीत ठरलेलं होतं. आत्यानं मोरीत जायचं, पडदा ओढायचा आणि तांब्यानं पाणी ओतत राहायचं. मला खेळायला पाठवायचं. कारकुनानं विचारलं, आत कोण, तर आई सांगायची, "थोरली पोर अंघोळ करतीय." पडद्याआड बघायची त्याची हिंमत नव्हती. असं वर्षभर चाललं. आत्या मोरीत एवढ्याशा जागेत गुडघे हनुवटीला लावून बसायची. खोकला आला तर तोंडात पदर कोंबायची. मला हे सगळं खेळासारखं वाटायचं.

एकदा मी खेळायला गेले आणि माझी सागरगोटी खोलीतच राहिली. ती घ्यायला परत आले तर दारात कारकून. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, "काय गं, नाव काय तुझं?"

"सुमन."

"मग मोरीत कोण आहे?"

"गोदाआत्या."

सात वर्षांची होते. खोटं बोलायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. फक्त खेळायला जा म्हणून सांगितलं होतं. आत मोरीतलं पाणी बंद झालं. एवढं आठवतं, की पाणी बंद झालं.

अण्णांनी हात जोडले म्हणून खोली राहिली, पण आत्याला त्याच आठवड्यात बार्शीकडे चुलत दिराकडे जावं लागलं. मला कुणी मारलं नाही, कुणी बोललं नाही. आई फक्त भाकरी थापता थापता म्हणाली, "हिचं तोंड म्हणजे उघडं दार." ते वाक्य अजून मला ऐकू येतं. आत्या पुढे दरवर्षी दिवाळीला यायची, करंज्या घेऊन. मी तिच्यासमोर जायची नाही. एकदा तिनंच मला धरलं आणि म्हणाली, "काय गं सुमे, लपतीस कशाला? बरं झालं की. आता पाय लांब करून झोपते." मला वाटलं, पोरीला वाईट वाटू नये म्हणून म्हणते आहे. साठ वर्षं मला तसंच वाटत होतं.

तर आता इथलं सांगते.

मंदार म्हणाले, वर बसा. पण नोराबाई वरच्या खोल्यांतही डोकावतात, खिडक्यांना ओल आली का बघतात. मग वर बसून उपयोग काय? मला एकच जागा सापडली. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला प्रत्येक घरात एक हॉट प्रेस असते. म्हणजे गरम पाण्याची टाकी असलेलं भिंतीतलं कपाट, टॉवेल आणि चादरी उबदार राहाव्यात म्हणून. आपल्या घरातलं जरा मोठं आहे, जुन्या पद्धतीचं. खालचा कप्पा काढला की एक माणूस बादली उपडी घालून बसू शकतं. मी बसले की. संपूर्ण आयर्लंडमध्ये मला घाम फुटला तो तेवढ्याच जागेत.

पोरांना हे माहीत नव्हतं हं. त्यांना वाटायचं, आई मागच्या खोलीत वाचत बसते. नोराबाई यायच्या आधी वैशालीला मेसेज करायच्या, "तीन वाजता येते." मी अडीचला आत. ईराला मात्र कळलं होतं. ती तेव्हा पाच वर्षांची, तिच्यापासून घरातलं काय लपतंय? मी तिला सांगितलं, हा आपला खेळ आहे. तिला आपलं मराठी सगळं कळतं, पण बोलते तिकडच्या सुरातलं इंग्रजी. म्हणाली, "ओके आजी. बट इट्स अ बिट बोअरिंग." तिला वाटलं, लपाछपी आहे तर कुणीच शोधायला कसं येत नाही!

दीड वर्ष असं गेलं. माझे राहायचे कागद झाले, मंदार म्हणाले पुढच्या वेळी सांगू, मग भाडं वाढवायची वेळ होती म्हणून राहिलं, मग वैशालीला बढती मिळायची होती म्हणून राहिलं. जी गोष्ट पहिल्या दिवशी दोन वाक्यांत झाली असती, ती दीड वर्षानं तोंडातून निघेना. आता सांगितलं तर बाई म्हणणार, मग इतके दिवस का नाही सांगितलंत? मी तर म्हणायची, नकाच सांगू. मी आहे ना नीट बसलेली. तुमचं घर जायला नको माझ्यापायी.

आणि घर जायला नको हे मला किती वाटत होतं काय सांगू. सुरुवातीला मला इथलं काही आवडलं नाही. वारा आवडला नाही, चार वाजता होणारा अंधार आवडला नाही. पण मग ईराच्या शाळेचा रस्ता पायाखालचा झाला. दुकानातली मुलगी मला बघून "हाऊ आर यू, लव्ह?" म्हणायला लागली आणि मी "ग्रँड" म्हणायला शिकले. इथं बरं आहे, ठीक आहे, चालेल, नको, सगळ्याला ग्रँडच म्हणतात, फार सोयीचा शब्द. नोराबाईंच्या गुलाबाशेजारी मी मेथी पेरली. तिथंच माझी चूक झाली, पण ते पुढे येईल.

मागच्या मार्चमधली गोष्ट. वैशालीला सुट्टी होती. नोराबाईंचा मेसेज आला, अर्ध्या तासात येते. एवढ्या घाईनं त्या कधी येत नसत. मी मेथी निवडत बसले होते, ती जुडी तशीच मांडीवर घेऊन हॉट प्रेसमध्ये शिरले. म्हटलं, बसल्या बसल्या निवडून होईल.

खाली चहाच्या कपांचे आवाज आले, मग जिन्यावर पावलं. नोराबाईंचा आवाज, "मी जरा टाकी बघते, प्लंबरला बोलवायचंय." माझा हात मेथीच्या काडीवर तसाच थांबला. आणि त्याच क्षणी घशात खवखव. तिथं टॉवेलांचे तंतू उडतात गं. मी पदर तोंडात कोंबला. कोंबला आणि मला कळलं, मी कोण झाले ते.

दारापुढे ईराचा आवाज आला. "यू कान्ट ओपन दॅट."

"आणि का बरं, पेट?" नोराबाईंनी विचारलं. इथं पोरांना लाडानं पेट म्हणतात.

"बिकॉज आजी इज इन देअर."

वैशाली खालून ओरडली, "ईरा!" दार उघडलं. मी उपड्या बादलीवर, डोक्याला टॉवेल, मांडीवर मेथीची निम्मी जुडी, तोंडात पदर. समोर नोराबाई, पांढरे केस, हिरवा कोट, हातात चष्मा. मला जेवढं इंग्रजी येतं तेवढं सगळं एकदम बाहेर पडलं. "सॉरी मॅडम. आय गो इंडिया. माय डॉटर गुड. प्लीज हाऊस नो टेक."

नोराबाईंनी माझ्याकडे बघितलं, मेथीकडे बघितलं, आणि त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं, बाईला चक्कर आली. तर त्या हसत होत्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि मग ते हसणं राहिलंच नाही, नुसतं डोळे पुसणं राहिलं. वैशाली जिन्यात लाल होऊन उभी. ईरा मात्र खूष, कुणीतरी शोधून काढलं एकदाचं.

"बाहेर ये गं बाई तिथून," नोराबाई म्हणाल्या, "जिवंत उकडशील." हे त्यांच्या शब्दांतलं, वैशालीनं नंतर मला मराठीत सांगितलेलं. बाकीचंही तसंच समज.

मला उठता येईना. पायांना मुंग्या. नोराबाईंनी एका हाताला धरलं, वैशालीनं दुसऱ्या, आणि मला बाहेर ओढून काढलं. खाली स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले आणि पहिलं काय केलं असेल, तर पोटभर खोकले.

मग कळलं की बाईंना पहिल्या दोन महिन्यांतच माहीत होतं. गुलाबाशेजारची मेथी, दोरीवर नऊ वार लांब वाळणारी साडी, दारातल्या माझ्या चपला. "त्या चपला वैशालीच्या मापाच्या नाहीत," त्या म्हणाल्या, "मी म्हातारी आहे, आंधळी नाही." त्या वाट बघत होत्या, की आज ओळख करून देतील, उद्या देतील. कुणी दिली नाही. मग त्यांच्या मनात भलतंच यायला लागलं. वैशालीकडे न बघता म्हणाल्या, "मला वाटायला लागलं, की या पोरांनी म्हातारीला कोंडून तर ठेवलं नाही? म्हणून आज ऐनवेळी सांगून आले. टाकीला काही झालेलं नाही."

शकू, वैशालीचा चेहरा बघवेना. माझ्यामुळे माझ्या लेकीवर असला संशय! अडचण होऊ नकोस, अडचण होऊ नकोस म्हणता म्हणता मी केवढी अडचण करून ठेवली होती. वैशाली रडायला लागली आणि म्हणाली, "आई, तू कपाटात बसायचीस? मला वाटायचं पुस्तक वाचतेस!" मी म्हटलं, "अगं, अंधारात पुस्तक कसं वाचणार?" आता हसू येतंय, तेव्हा कुणीच हसलं नाही.

नोराबाईंनी स्वतः उठून किटली ठेवली. आमच्याच घरात आम्हाला चहा केला. आणि मग त्यांनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. ती मी तुला नीट सांगते, कारण तिच्यासाठीच हे सगळं लिहितेय म्हटलंस तरी चालेल.

त्यांच्या आजीचं नाव केटी. ती जन्मली ग्लासगोला, स्कॉटलंडमध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या काळात. राणीचं राज्य आपल्यावरही होतं आणि त्यांच्यावरही, आणि मला आपलं वाटायचं, की तिकडची गोरी माणसं सगळी बंगल्यातच राहत असणार. तर नाही गं. चार मजली दगडी चाळ, प्रत्येक मजल्यावर तीन-चार घरं, आणि घर म्हणजे एकच खोली. त्याच खोलीत कोळशाची काळी शेगडी, त्यावर स्वयंपाक, त्यावरच अंघोळीचं पाणी. पलंग भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला, पडदा लावलेला. त्याच्याखाली चाकांचं दुसरं अंथरूण, रात्री ओढून काढायचं, त्यावर पोरं, एकाचं डोकं तर दुसऱ्याचे पाय. संडास जिन्यात, सगळ्यांचा मिळून. जिना धुवायच्या पाळ्या. कपडे धुवायची जागा मागच्या अंगणात, तिथंही पाळी, आणि पाळीवरून भांडणं. बाप जहाजं बांधायच्या कारखान्यात तापलेले खिळे ठोकणाऱ्यांच्या हाताखाली. कानानं कमी ऐकायचा. आई लोकांचे कपडे धुवून इस्त्री करायची, त्यामुळे खोलीत सदा दुसऱ्यांचे ओले सदरे लोंबत. पोरांना जेवायला ओटची लापशी. मी मध्येच म्हटलं, "ही तर आमचीच चाळ!" वैशालीनं त्यांना ते सांगितलं, तर नोराबाई म्हणाल्या, "थांब, पुढे ऐक."

पुढे हे, की त्या खोलीच्या दारावर एक पत्र्याची चकती ठोकलेली होती. सरकारनं ठोकलेली. खोलीत किती माणसांनी राहायचं तो आकडा त्यावर. त्यांचा आकडा होता साडेचार. आठ वर्षांखालचं मूल अर्धं मोजायचे म्हणे. आई-बाप दोन आणि पाच पोरं अर्धी-अर्धी करून अडीच. थोरल्या पोराला आठ वर्षं पूर्ण झाली असती तर तो अख्खा झाला असता, म्हणून त्याचा वाढदिवसच करायचे नाहीत. तो बापडा दोन वर्षं सातच राहिला.

पण त्या खोलीत साडेपाच जण होते. केटीची आजी, म्हणजे आईची आई, याच स्लायगोकडची, एकटी पडली म्हणून लेकीकडे ग्लासगोला येऊन राहिलेली. बघ हं, लेकीकडे. मोजायला माणूस यायचा तो रात्री, सगळे झोपले की, कंदील घेऊन. दार वाजलं की म्हातारीनं उठून भिंतीतल्या कपाटात शिरायचं, बशा आणि पिठाच्या डब्यामागे. त्या कपाटालाही ते प्रेसच म्हणायचे.

एका रात्री म्हातारीला आतून खोकला आला. केटी सहा वर्षांची, खालच्या अंथरुणात जागी. तिला वाटलं, आता संपलं. कंदीलवाला थांबला. मग त्यानं खिशातून एक पांढरी पेपरमिंटची गोळी काढली, टेबलावर ठेवली, वहीत लिहिलं, "साडेचार," आणि गेला.

नोराबाई म्हणाल्या, "माझी आजी म्हातारी झाली तरी ही गोष्ट सांगताना गोळी ठेवल्यासारखी टेबलावर बोटं ठेवायची. पण प्रत्येक वेळी तोच माणूस येणार नव्हता. त्या भीतीनं ते पुढच्या वर्षी तिथून निघाले आणि म्हातारीच्या गावी, इकडे आले. निघताना बापानं दारावरची चकती सुरीनं उचकटून घेतली." आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आमच्या घरात तेव्हापासून एकच रीत आहे. घरात माणसं मोजायची नाहीत. आणि माझ्याच घरात, माझ्याच कपाटात, तू दीड वर्ष बसलीस?"

मग मी त्यांना आपल्या चौकटीवरचा आकडा सांगितला. मोरी, पाणी, सागरगोटी, गोदाआत्या, सगळं. साठ वर्षांत पहिल्यांदा बोलले. आमच्या यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, वैशालीला सांगितलं नव्हतं. वैशाली माझं मराठी त्यांना इंग्रजीत सांगता सांगता थांबली आणि मला म्हणाली, "आई, अगं तू सात वर्षांची होतीस. ईरापेक्षा जेमतेम मोठी."

मी ईराकडे बघितलं. ती टेबलाखाली माझी मेथी निवडत होती, म्हणजे पानं टाकून काड्या ठेवत होती. तिनंही आत्ताच, तासाभरापूर्वी, कोण आत आहे ते सांगून टाकलं होतं. आणि मला तिचा राग आला होता का? मुळीच नाही. दार उघडलं तेव्हा भीती वाटली, खरं आहे. पण त्या भीतीच्याही आधी, अगदी पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? गार हवा. बाहेरची गार हवा तोंडावर आली आणि वाटलं, सुटले. आता परत आत बसायला नको.

तेव्हा मला आत्या कळली, शकू. ती माझी समजूत घालत नव्हती. बार्शीला काही सुख नव्हतं तिला, दिराच्या घरी राबावंच लागलं, ते मी गोड करून सांगत नाही. पण पाय लांब करून झोपते म्हणाली, ते खरं म्हणाली. जी बाई वर्षभर मोरीत गुडघ्यात मान घालून बसली, तिलाच ते कळणार. मला कळायला बादलीवर बसावं लागलं.

पुढच्या रविवारी नोराबाई परत आल्या, या वेळी नुसत्या जेवायला. मी पिठलं केलं, मेथीची भाजी केली, कडक भाकरी होतीच. भाकरीचा पहिला तुकडा त्यांनी असा मोडला, की तो उडून मंदारच्या चहात पडला. त्यांनी ती चकती आणली होती. हातात घेतली, तर केवढीशी, आपल्या हळदी-कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाएवढी. आकडा झिजलाय, पण बोटाला लागतो. ईरानं विचारलं, "ॲम आय अ हाफ?" तर नोराबाई म्हणाल्या, "तू? तू दीड आहेस."

आणि पर्समधून लीजचा कागद काढला. मंदारनं खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला, माफी मागायची तयारी केली. नोराबाईंनी त्यांना हातानं गप्प केलं. माझं नाव विचारलं, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तूच लिही. तुझ्या अक्षरांत लिही, मला वाचता आलं नाही तरी चालेल." मी लिहिलं. सही करते तशी नाही, शाळेत पाटीवर लिहायचे तशी, सावकाश. मग मंदारनं खाली इंग्रजीत लिहिलं. वकिलाकडून पक्का कागद पुढे आला, पण माझ्यासाठी तोच खरा.

आता तू दर फोनला विचारतेस ते. अक्का, घरची आठवण येते का? येते की. चादर पांघरली की येते, शेंगाचटणीचा डबा उघडला की येते. संध्याकाळी गॅलरीत बायका बसायच्या तशा इथं कुणी बसत नाहीत, तेव्हा फार येते. पण पूर्वी मी त्या आठवणीत सारखी परत जायची, कारण इथं मी पाहुणी होते, आणि पाहुणीसुद्धा लपवलेली. आता तसं नाही. तुझ्याकडे किल्ली आहे, ती असू दे, झाडाला पाणी घालत जा. मी येईन. पण आले तर परत जाण्यासाठी येईन, हे तुला आधीच सांगून ठेवते. रागावू नकोस.

हॉट प्रेसमध्ये मी खालचा कप्पा परत बसवला. तिथं आता इडलीचं पीठ फुगतं आणि कुरडया वाळतात. वैशाली म्हणते टॉवेलांना वास येतो, येऊ दे. बादली बागेत गेली. दारावरची बेल वाजली की आता मीच उघडते. कधी पोस्टवाला असतो, कधी ईराच्या मैत्रिणीची आई, कधी नोराबाई. त्या आल्या की आधी गुलाबाकडे जात नाहीत, मेथीकडे जातात.

काल दुपारी जेवण झाल्यावर मी बैठकीतल्या मोठ्या सोफ्यावर आडवी झाले. ईरा शाळेतून आली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, यू आर टेकिंग द होल काउच!" म्हटलं, हो. घेतेय. मग ती माझ्या पायांशी उरलेल्या कोपऱ्यात बसली, आणि मी पाय जवळ घेतले नाहीत.